पाला कापायची तारीख

मंचरला बटाटा बेण्याच्या गाड्या यायला लागल्या की दरवर्षी एकच प्रश्न निघतो. बेणं पंजाबचंच का? घरचं का चालत नाही? उत्तर साठ-पासष्ट वर्षं जुनं आहे.

त्याआधी उत्तरेच्या मैदानातसुद्धा घरचं बेणं दोन-चार हंगामांत उतरायचं. पानं गुंडाळायची, झाड खुजं राहायचं, बटाटा बारीक पडायचा. खरा दोष विषाणूचा, आणि तो झाडोझाड पोचवणारा मावा. झाडातला रोग बटाट्यात उतरतो, आणि तोच बटाटा आपण पुढच्या साली लावतो. म्हणून बेणं सिमल्याकडच्या थंड डोंगरातून आणायचे. तिथं मावा कमी. पण ते बेणं काढणीनंतर लगेच फुटत नाही. मैदानात ऑक्टोबरची लावण आली तरी डोळे झोपलेलेच.

१९४९ साली पाटण्याला केंद्रीय बटाटा संशोधन संस्था निघाली, १९५६ ला ती सिमल्याला गेली. तिथल्या डॉ. पुष्करनाथांनी माव्याचं वेळापत्रक धरलं. उत्तरेच्या मैदानात ऑक्टोबर ते डिसेंबर मावा फार कमी असतो, नंतर वाढतो. मग तेवढ्या मुदतीतच बेणं तयार करायचं. निरोगी बेणं ऑक्टोबरात लावायचं, रोगट झाड बटाट्यासकट उपटायचं, मावा मोजत राहायचं. १०० पानांवर २० मावा व्हायच्या आत, डिसेंबरअखेर किंवा जानेवारीच्या सुरुवातीला, पाला कापून टाकायचा. साल पक्की होईपर्यंत बटाटा जमिनीतच ठेवायचा, मग काढून शीतगृहात.

नुसत्या फवारणीनं हे का होत नाही? वाय विषाणू घेऊन आलेला मावा काही सेकंद सोंड खुपसतो आणि झाड बाधित होतं. औषधानं तो मरेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं.

हिरवंगार पीक कापायला मात्र छाती लागते. बटाटा फुगत असतो. पंधरा दिवस थांबलं तर वजन वाढतं, पण त्याच पंधरा दिवसांत रोगही उतरतो. वजन विकणाऱ्याच्या पदरात जातं, रोग आपल्या वावरात येतो.

आपल्या खरिपात माव्याविना अशी सलग मुदत मिळणं अवघड. म्हणून घरचं बेणं लवकर उतरतं आणि गाडीची वाट बघावी लागते.

विषाणू बटाट्याच्या सालीवर दिसत नाही. तेव्हा बेणं घेताना भाव आणि आकार बघाच, पण पाला कोणत्या तारखेला कापला हेही विचारा. सांगता आलं नाही तर घाई करू नका.