पुण्याहून गोदाकाठी : पेशवे घराण्याची हललेली बिऱ्हाडे

१/ अठराव्या शतकात पुण्याच्या सत्तेतून दूर झालेली पेशवे घराण्यातील माणसे वारंवार गोदावरीच्या काठी, नाशिकच्या परिसरात येऊन राहिली. या स्थलांतरास ‘क्षेत्रवास’ म्हणत. त्या शब्दात भक्ती होती, तसेच राजकारणही होते. #मराठी #इतिहास

२/ पहिले मोठे नाव गोपिकाबाईंचे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर ज्येष्ठ पुत्र विश्वासराव पडले आणि त्याच वर्षी जूनमध्ये पती नानासाहेब निवर्तले. धाकटे माधवराव पेशवे झाले. पुढे कारभारातील हस्तक्षेपावरून मायलेकांत बेबनाव झाला आणि गोपिकाबाईंनी नाशिकजवळच्या गंगापूर येथे बिऱ्हाड हलवले.

३/ पेशव्याने आपल्या मातेस कैद करणे अशक्य होते आणि पुण्यात दोन सत्ताकेंद्रे ठेवणे धोक्याचे. विधवेने तीर्थक्षेत्री राहणे मात्र सर्वांना मान्य होते. कोणाचीही अप्रतिष्ठा न होता पेच सुटला.

४/ गंगापूर आणि नाशिक यांच्या दरम्यान, नदीकाठीच, राघोबादादांनी वाडा बांधला. ते गाव आनंदवल्ली. पत्नी आनंदीबाईंवरून हे नाव पडल्याचे सांगतात. परंतु दादांचा विसावा क्षेत्रवासाचा नव्हता. त्यांनी फौज जमवली आणि १७६८ मध्ये धोडपच्या लढाईत पराभूत होऊन ते पुण्यात नजरकैदेत पडले. क्षेत्रवासाचे सोंग फसले की उरे ती कैदच.

५/ गोपिकाबाईंच्या वाट्यास गोदाकाठी दुःखाच्या वार्ताच आल्या. १७७२ मध्ये माधवराव गेले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. तिन्ही पुत्र आईच्या हयातीत गेले.

६/ तरीही पुण्याशी त्यांचा धागा तुटला नाही. नातू सवाई माधवराव यांस त्यांनी दिनचर्या व वर्तन यांविषयी लिहून पाठवलेला उपदेश प्रसिद्ध आहे. ज्या सल्ल्यामुळे मुलाशी बिनसले, तोच नातवास हवासा झाला. अंतराने त्याला अधिकार दिला होता. १७८८ मध्ये नाशिक येथे त्यांचा अंत झाला.

७/ नारायणरावांच्या खुनाचा बोल ज्यांच्यावर आला, त्या आनंदीबाईंची अखेरही याच काठी झाली. राघोबादादा १७८३ मध्ये कोपरगावी, गोदावरीकाठीच वारले. आनंदीबाई १७९४ मध्ये आनंदवल्लीस. नातवाची आजी आणि नातवाच्या पित्याच्या खुनाचा ठपका असलेली चुलत आजी, दोघींनाही एकाच नदीने आसरा दिला.

८/ आनंदीबाईंचे पुत्र दुसरे बाजीराव पुढे पेशवे झाले. १८१८ मध्ये ते इंग्रजांना शरण गेले, तेव्हा वार्षिक ८ लाख रुपयांचे पेन्शन देऊन त्यांना गंगाकाठच्या ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला, ठेवण्यात आले. पदच्युत माणसास पवित्र नदीकाठी बसवण्याची रीत पुण्यास ठाऊक होतीच. या वेळी ती कलकत्त्याच्या कंपनी सरकारने वापरली.