अर्धशिशी आणि उदास मन

आम्हा पैठणकरांना जुन्या प्रतिष्ठानाचा अभिमान. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात ते भडोचहून २० दिवसांच्या वाटेवर आहे. त्याच सुमाराच्या अरेटिअस या ग्रीक वैद्याने अर्धशिशीबद्दल लिहिले: अर्धे डोके ठणकते, उजेड सोसवत नाही, जीव नकोसा होतो. आपल्या चरकसंहितेतही ‘अर्धावभेदक’ आहेच. पुढे मात्र डोके एका डॉक्टरकडे, मन दुसऱ्याकडे गेले. अमेरिकेत नेओमी ब्रेस्लाऊ यांच्या पाहणीने २००३ मध्ये दाखवले, की अर्धशिशीने नैराश्याचा धोका वाढतो आणि नैराश्याने अर्धशिशीचाही. म्हणून मी म्हणतो, घरात कोणी डोके बांधून अंधारात निजले, तर त्याला सोंग म्हणू नका. डॉक्टरांना डोक्याबरोबर मनाचेही दुखणे सांगा.