ज्ञानकोश, विकिपीडिया आणि आपले आदिलाबाद

मागच्या दिवाळीत लेक आणि नात पुण्याहून आल्या होत्या. नातीला शाळेने ‘माझे आजोळ’ हा प्रकल्प दिला होता. पहिल्याच दिवशी तिने विचारले, “आजोबा, आपली माणसे आदिलाबादला केव्हा आली? आणि ते कुठे लिहिलेले आहे?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी ऐकीव माहितीवर दिले. पणजोबा किनवटकडून कापसाच्या व्यापाराबरोबर आले, इतके मला ठाऊक होते. दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. घरात निजामाच्या काळातला एकच कागद आहे, तो उर्दूत आहे, आणि आज घरात उर्दू वाचणारे कोणी उरलेले नाही. नात वहीत लिहून गेली : ‘आजोबा म्हणतात.’

तिचे ते दोन शब्द मनात राहिले. यंदा स्मरणिकेसाठी इतिहासावर लिहायला सांगितले तेव्हा ठरवले की ज्ञान लिहून ठेवण्याचाच इतिहास मांडावा. मराठी माणसाने तो वसा शंभर वर्षांपूर्वी घेतला आहे, आणि त्यात आपल्यासारख्या सीमेवरच्या मराठी मंडळींची पाने बहुतेक कोरी आहेत.

सुरुवात डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांपासून करावी लागते. त्यांचा जन्म १८८४ सालचा, रायपूरचा. म्हणजे तेही महाराष्ट्राच्या आजच्या सीमेबाहेर जन्मलेले मराठी. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकून ते परतले आणि इंग्रजांच्या ब्रिटानिकासारखा कोश मराठीत व्हावा, या ध्यासाने कामाला लागले. सरकारचा आश्रय नव्हता, कोणा संस्थानिकाची तिजोरी हाताशी नव्हती. १९१६ साली त्यांनी नागपुरात ‘ज्ञानकोश मंडळ लिमिटेड’ ही कंपनी काढली, आणि भागधारक व वर्गणीदार जमवत, लेखकांना कामाला लावत ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड सिद्ध केले. पहिले पाच खंड प्रस्तावनेचे होते आणि त्यातल्या पहिल्याचे नाव होते ‘हिंदुस्थान आणि जग’. जगाकडे पाहायचे ते आपल्या अंगणात उभे राहून, ही त्यामागची भूमिका होती. या कोशाच्या कामात तयार झालेल्या यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी पुढे ‘महाराष्ट्र शब्दकोश’ उभा केला.

दुसरा टप्पा राज्यनिर्मितीनंतरचा. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले आणि त्याच वर्षी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले. वाईला मराठी विश्वकोशाचे काम सुरू झाले. पहिला खंड १९७६ साली आला, विसावा २०१५ साली. या कोशात प्रत्येक नोंद त्या विषयाच्या जाणकाराने लिहायची, संपादकांनी तपासायची आणि मग छापायची. विश्वासार्हता मोठी, पण वेळ लागतो. पहिल्या खंडाच्या वेळी जन्मलेले मूल विसाव्या खंडाच्या वेळी चाळिशीला आले होते.

तिसरा टप्पा आपल्या डोळ्यांदेखत घडला. १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजी विकिपीडिया सुरू झाला. मराठी विकिपीडियाचा जन्म १ मे २००३चा, म्हणजे नेमका महाराष्ट्र दिनाचा. आपल्या शेजारणीचा, तेलुगू विकिपीडियाचा, त्याच वर्षीच्या डिसेंबरातला. येथे लेखकाला मानधन नाही, मुखपृष्ठावर नाव नाही, आणि प्रवेशाला पदवीची अट नाही. कोणीही लेख सुरू करतो, दुसरा त्यातले शुद्धलेखन दुरुस्त करतो, तिसरा संदर्भ जोडतो, चौथा म्हणतो की हे वाक्य एकांगी आहे. प्रत्येक बदल ‘इतिहास’ या कळीखाली तारीखवार जपला जातो. वाद झाला तर लेखाच्या चर्चा पानावर बोलायचे, सगळ्यांचा प्रश्न असेल तर ‘चावडी’वर यायचे. नवशिक्याने हात बसवण्यासाठी ‘धूळपाटी’ आहे. चावडी आणि धूळपाटी, दोन्ही नावे आपल्या गावातून उचललेली.

ही पद्धत आपल्या मंडळींना परकी वाटू नये. मंडपाचे बांबू कोण आणतो, प्रसादाचा शिरा कोण ढवळतो, विसर्जनाच्या रात्री उशिरापर्यंत ट्रॅक्टरमागे कोण चालतो, याची पावती फाटत नाही. तरी दहा दिवस पार पडतात. विकिपीडिया याच हौसेवर चालतो. आणि मंडळाला जो रोग जडतो तोच त्यालाही जडतो : ज्यांना वेळ आणि सोय आहे तेच पुढे दिसतात. जे येत नाहीत, त्यांचे काही राहून गेले हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

राहून गेलेल्यांचा हा हिशेब आता जगभर मांडला जातो. २०११च्या सुमारास झालेल्या पाहण्यांत दर दहा संपादकांमागे जेमतेम एखादी बाई आढळली. इंग्रजी विकिपीडियावरच्या चरित्रलेखांत दहा वर्षांपूर्वी स्त्रियांचे लेख सुमारे पंधरा टक्के होते. स्वयंसेवकांनी ठरवून काम केल्यावर ते विसाच्या जवळ आले आहेत. २ ऑक्टोबर २०१८ रोजी कॅनडाच्या डॉना स्ट्रिकलंड यांना भौतिकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले, त्या सकाळी त्यांच्या नावाचा लेख इंग्रजी विकिपीडियावर नव्हता. काही महिन्यांपूर्वी कोणी मसुदा पाठवला होता, पण पुरेसे स्वतंत्र संदर्भ नाहीत म्हणून तो परत गेला होता. नियम लावणाऱ्याने नियमच पाळला. दोष मागे होता : वर्तमानपत्रांनी आणि ग्रंथांनी त्या बाईंबद्दल आधी पुरेसे लिहिलेच नव्हते. कोशात काय येते हे कोशाच्या आधी काय छापले गेले त्यावर ठरते.

हाच नियम आपल्या जिल्ह्याला लावून पाहा.

आदिलाबादबद्दल पूर्वी लिहिले ते प्रामुख्याने बाहेरून आलेल्यांनी. इंग्रजांच्या इम्पिरिअल गॅझेटिअरमध्ये जिल्ह्याची नोंद आहे. एदलाबाद, राजुरा आणि शिरपूर हे तालुके मिळून १८७२ साली उपजिल्हा झाला आणि १९०५ साली पूर्ण जिल्हा, हा तपशील तिथून कळतो. ती नोंद जमीन, महसूल आणि पिके यांची आहे. घरात कोणती भाषा बोलत आणि सोयरीक कुठे जुळवत, हे तिचे विषय नव्हते. १९४०च्या दशकात ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ हे ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ मार्लवाईला गोंडांमध्ये राहिले. त्यांचा आदिलाबादच्या राजगोंडांवरचा ग्रंथ १९४८चा. गोंड मुलांसाठी त्या वेळी जी पुस्तके तयार झाली ती गोंडी भाषेत, पण देवनागरी लिपीत होती, कारण या भागात मराठीचा वावर होता.

याच काळात एक मराठी माणूस इथे लिहीत होता, त्याचे नाव आपल्या घरांत फारसे निघत नाही. सेतुमाधवराव पगडी, निलंग्याचे, हैदराबाद संस्थानातले अधिकारी. शिवकालाचे अभ्यासक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. आदिलाबादेत असताना ते गोंडी शिकले, गोंडांवर पुस्तक लिहिले, गोंडी आणि कोलामी या भाषांची व्याकरणे केली. आपल्यातल्या एका माणसाने शेजाऱ्याची भाषा लिहून ठेवली. आपली स्वतःची हकीकत मात्र आपण लिहिली नाही.

न लिहिण्याची कारणे इतिहासात सापडतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्ये झाली. जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, बाकीचा जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. पैनगंगेच्या पलीकडे सासर-माहेर, अलीकडे शेत, अशी घरे झाली. २ जून २०१४ रोजी तेलंगण झाले, आणि ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमरम भीम आसिफाबाद असे चार तुकडे झाले. तेलुगू लेखक जिल्ह्याबद्दल लिहितो तेव्हा बेला, जैनथ, तामसी भागातल्या मराठी घरांचा उल्लेख एखाद्या ओळीत आटोपतो. पुण्या-मुंबईचा मराठी लेखक लिहितो तेव्हा त्याचा नकाशा पैनगंगेपाशी संपतो. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी आपली गत. लेखांची संख्या वाढूनही यात फारसा फरक पडत नाही. मराठीत काय, तेलुगूत काय, हजारो गावांचे लेख २०११च्या जनगणनेच्या आकड्यांवर उभे आहेत. लोकसंख्या कळते, अंतर कळते. मारुतीच्या पारावर पोथी कोण वाचत असे, ते कळत नाही.

पण इथे आपण एकटेच राहून गेलेले नाही, हे प्रांजळपणे लिहिले पाहिजे. गोंड आणि कोलाम बांधवांचे आपल्यापेक्षा कितीतरी अधिक राहून गेले, आणि पिढ्यानपिढ्या शेजारी राहूनही आपण त्यांचे काही नोंदवले नाही. नारनूरजवळच्या गुंजाळा गावी गोंडी हस्तलिखिते घराघरांत जपलेली होती. २००६च्या सुमारास हैदराबाद विद्यापीठाच्या अभ्यासकांनी ती जगापुढे आणली आणि २०१८ साली ती लिपी ‘गुंजाळा गोंडी’ या नावाने युनिकोडमध्ये आली. आपल्या जिल्ह्यातल्या एका खेड्याच्या नावाची लिपी आज जगभरच्या संगणकांसाठी मान्य आहे. गुस्साडी नृत्याचे कनक राजू यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा बातम्या छापून आल्या. त्याआधीही ते तितकेच चांगले नाचत होते.

कोशाचा आणखी एक धडा घेण्याजोगा आहे. जिथे मतभेद आहेत तिथे सगळ्या बाजू नोंदवायच्या. कुमरम भीम १९४० साली जोडेघाटला निजामाच्या पोलिसांकडून मारले गेले यात वाद नाही. दिवसाबद्दल मात्र नोंदी जुळत नाहीत, आणि लोक अश्विन पौर्णिमेला त्यांचे स्मरण करतात. २० एप्रिल १९८१च्या इंद्रवेल्लीच्या गोळीबारात सरकारी आकडा १३ मृतांचा. मानवी हक्क संघटनांनी त्याहून कितीतरी मोठा आकडा सांगितला. प्रामाणिक लेखात दोन्ही येतात, कोण काय म्हणतो त्यासह. आपल्या घरगुती इतिहासालाही ही शिस्त लावली तर भाऊबंदकीतली अर्धी भांडणे कमी होतील.

तोंडी माहितीचे काय करायचे, हा अवघड प्रश्न उरतो. २०११ साली अचल प्रभला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत एक प्रयोग केला. पुस्तकांत नसलेले खेळ आणि विधी जाणत्या लोकांच्या तोंडून ध्वनिमुद्रित करायचे आणि ते ध्वनिमुद्रणच संदर्भ म्हणून जोडायचे. कल्पना चांगली होती, पण तोंडी पुरावा विकिपीडियावर नेहमीचा संदर्भ म्हणून रुजला नाही. त्यामागे अनुभव आहे : ऐकीव गोष्टीला मर्यादा घातली नाही तर प्रत्येकाचा पणजोबा सरदार होतो.

म्हणून पहिले काम आपल्या हातातले आहे. लेख लिहिण्याआधी संदर्भ तयार झाले पाहिजेत. आपल्या मंडळाच्या जुन्या स्मरणिकांत जाहिराती आणि शुभेच्छांच्या मधे कधी मराठी शाळेची हकीकत, कधी रेल्वेची, कधी जुन्या दुकानांची आली आहे. या अंकांचा पूर्ण संच आज कोणाकडे आहे? माझ्याकडे सात आहेत. बाकीचे रद्दीत गेले असावेत. स्मरणिका हा काही भक्कम पुरावा नव्हे, पण तारीख आणि नाव घालून छापलेला कागद पुढच्या संशोधकाला वाट दाखवतो. हैदराबादच्या मराठी साहित्य परिषदेच्या ‘पंचधारा’सारख्या नियतकालिकात आपल्यातल्या कोणी अभ्यासून लिहिले, तर तो संदर्भ आणखी पक्का.

माझी तीन मागणी आहेत. ज्यांच्याकडे जुने अंक, शाळेचे दाखले, उर्दू कागद असतील त्यांनी एक दिवस मंडपात आणावेत. तरुण मुले मोबाइलवर फोटो काढतील, कागद घरचा घरी परत जाईल. उर्दू वाचणारे जाणते गावात अजून आहेत, त्यांना सन्मानाने बोलवू. दुसरे, आपल्या आजी-काकूंशी बोला. लग्न होऊन पैनगंगा ओलांडून आलेल्या या बायकांनीच घरात मराठी टिकवली आणि दारात तेलुगू शिकली. त्यांचे महालक्ष्मीचे रिवाज, नवी जागा लावून घेतल्याच्या आठवणी, तारीख घालून नोंदवा. तिसरे, ज्यांना संगणक येतो त्यांनी मराठी विकिपीडियाच्या धूळपाटीवर दोन ओळी लिहून पाहाव्यात. जैनथचे मंदिर, केस्लापूरची नागोबाची जत्रा अशा विषयांवर छापील आधार आहे, तिथून सुरुवात करावी. स्वतःच्या घराण्याची स्तुती लिहू नये, दुसऱ्याचे पुस्तक उतरवून काढू नये, आणि कोणी दुरुस्ती केली तर रुसू नये.

केतकरांनी वर्गणीदारांच्या बळावर २३ खंड काढले. आपल्याला एवढा मोठा डोंगर उचलायचा नाही. पुढच्या वर्षी नात येईल तेव्हा तो उर्दू कागद वाचून घेतलेला असावा, आणि तिच्या वहीतल्या ‘आजोबा म्हणतात’च्या पुढे एखाद्या छापील पानाचा आकडा लिहिता यावा, एवढेच मागणे बुद्धिदात्यापाशी आहे.

गणपती बाप्पा मोरया!