मोडलेल्या माणसाला उभे करणारी दोन शास्त्रे

मुलगा अकरावीला गेला की आपल्या लातूर-नांदेडच्या घराघरांतून एकच प्रश्न विचारला जातो : जीवशास्त्र की गणित, डॉक्टर की इंजिनिअर? जणू या दोन वाटा पुढे कधी एकत्र यावयाच्याच नाहीत. परंतु अपंगत्व आलेल्या माणसाला पुन्हा कामाला लावणाऱ्या पुनर्वसन वैद्यकाचा इतिहास पाहिला, तर त्यातील प्रत्येक मोठे पाऊल या दोन वाटा जिथे मिळाल्या तिथेच पडलेले दिसते.

दुसऱ्या महायुद्धाने हजारो सैनिकांचे हातपाय नेले. आपल्याकडे १९४४ साली पुण्यात लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र निघाले ते याच गरजेतून. त्याच वर्षी अमेरिकेत हॉवर्ड एबरहार्ट या स्थापत्य अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाने अपघातात पाय गमावला. व्हर्न इन्मन या शल्यचिकित्सकाशी त्याची गाठ पडली, आणि दोघांनी मिळून माणूस चालतो कसा याचे मोजमाप सुरू केले. डॉक्टरला हाडे व स्नायू ठाऊक होते, अभियंत्याला भार आणि बल. पुढे त्यांच्याच बर्कले विद्यापीठात आधुनिक कृत्रिम पाऊल घडले.

मात्र ते पाऊल बुटात घालावयाचे होते. आपला माणूस अनवाणी शेतात उतरतो, उकिडवा बसतो, मांडी घालून जेवतो, नमाजासाठी गुडघे टेकतो. ही अडचण जयपूरला सुटली. १९६८च्या सुमारास सवाई मानसिंह रुग्णालयातील अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबर आणि लाकूड यांचे, सर्व बाजूंनी वळणारे 'जयपूर फूट' बनविले. शर्माजींचे शालेय शिक्षण फारच थोडे. पण साचा, रबर व हत्यार यांचे त्यांचे ज्ञान डॉक्टरांच्या पदवीइतकेच उपयोगी पडले. १९८१ साली डॉ. सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गॅरेजमध्ये वा वेल्डिंगच्या दुकानात घाम गाळणाऱ्या पालकांनी आपल्या हातातील विद्येची किंमत यावरून ओळखावी.

मराठवाड्याला या विद्येची गरज ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे कळून आली. किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती व जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो लोक दगावले. जे वाचले, त्यांतील कित्येकांची हाडे मोडली. अशा रुग्णांवर शस्त्रक्रिया झाली म्हणजे उपचार संपत नाहीत. माणूस पुन्हा विहिरीवर, शेतात, दुकानात कसा जाईल, हा प्रश्न त्यानंतर सुरू होतो.

त्याचे उत्तर वैद्यकीय विद्यार्थ्याला द्यावयाचे तर थोडे यंत्रशास्त्र शिकविलेच पाहिजे. काठीचेच उदाहरण घ्या. उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात धरावी. का? एका पायावर उभे राहिले की खुब्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. कारण तोल सांभाळणारा स्नायू सांध्याच्या अगदी जवळून ओढतो, वजन मात्र लांबून. विरुद्ध हातातील काठी सांध्यापासून दूर असल्याने थोड्याशा टेकूने पुष्कळ भार हलका करते. ही शाळेत शिकलेली तरफच होय. ती समजलेला डॉक्टर कुबडीची उंची, बुटाची टाच आणि चाकाच्या खुर्चीची बैठक डोळसपणे ठरवील.

आता साधने जवळ आहेत. मुंबईत हाजीअलीजवळ १९५५ पासून अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था कार्यरत आहे. नांदेडला १९८१ पासून श्री गुरु गोविंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था आहे, १९८८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. लातुरातही दोन्ही विद्यांची महाविद्यालये आहेत. २०१९ साली लागू झालेल्या एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात पुनर्वसन वैद्यकाला जागा मिळाली. एकाच शहरातील या दोन महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी वर्षातून काही दिवस एकाच रुग्णाजवळ बसावे, त्याचे घर, ओटा, मोरी पाहावी आणि त्याला लागणारे साधन मिळून तयार करावे, एवढे तरी सहज होण्यासारखे आहे.

विद्यार्थी मित्रांनो, डॉक्टरकीच्या यादीत नाव आले नाही म्हणून खचू नका. कृत्रिम अवयव व आधारसाधने बनविणे, भौतिकोपचार, जैववैद्यकीय अभियांत्रिकी हीही रुग्णसेवाच आहे. आणि ज्यांचे नाव यादीत येईल, त्यांनी अकरावीचे भौतिकशास्त्राचे पुस्तक रद्दीत घालू नये.