पॉलिकार्प
स्मर्ना (आजचे तुर्कस्तानातील इझ्मिर) येथील वृद्ध बिशप. त्यांच्या हौतात्म्याचे वर्ष बहुधा इ.स. १५५ किंवा १५६ धरतात. तेथील ख्रिस्ती मंडळीने फिलोमेलियमच्या मंडळीला पाठवलेल्या पत्रात ही हकिकत आहे. त्यातला क्विंटस नावाचा ख्रिस्ती मात्र सहसा विसरला जातो. तो आपण होऊन अधिकाऱ्यांपुढे गेला आणि शिक्षेसाठी आणलेली श्वापदे दिसताच कचरला. पत्र अशा उतावीळपणाला स्पष्ट नापसंती दर्शवते. याउलट पॉलिकार्प आधी सहकाऱ्यांच्या आग्रहाखातर शहराबाहेरच्या मळ्यात लपले होते, आणि त्यात कोणाला भित्रेपणा दिसला नाही. शिपाई दाराशी आल्यावर मात्र त्यांनी पळ काढला नाही. उलट शिपायांना जेवू घातले, प्रार्थनेसाठी तासभर मागितला आणि दोन तास घेतले. पुढे ख्रिस्ताला नाकारण्यास त्यांनी नकार दिल्यावर त्यांना जाळण्याची शिक्षा झाली.