पबच्या भिंती कुणाच्या?

लंडनमध्ये थेम्सच्या दक्षिणेस, सदर्क भागात, बरो हाय स्ट्रीट नावाचा जुना रस्ता आहे. चॉसरचे यात्रेकरू कँटरबरीला निघण्यापूर्वी ज्या 'टॅबर्ड' सराईत जमले ती याच रस्त्यावर होती, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. तिच्या शेजारीच 'जॉर्ज' नावाची दुसरी सराई. १६७६ च्या आगीत दोन्ही जळाल्या, दोन्ही पुन्हा बांधल्या गेल्या आणि रेल्वे आल्यावर घोडागाड्यांवर चालणारा दोघींचाही धंदा बसला. टॅबर्ड १८७० च्या दशकात पाडली गेली. जॉर्जची एक बाजू मात्र अजून उभी आहे आणि तेथे बिअर मिळते. वाङ्मयीन पुण्याई टॅबर्डच्या गाठीशी कितीतरी अधिक होती. ती कामी आली नाही. जॉर्ज रेल्वे कंपनीच्या ताब्यात गेली, कंपनीने तिच्याही दोन बाजू पाडल्या, आणि उरलेली बाजू १९३७ साली नॅशनल ट्रस्टकडे आली म्हणून वाचली.

ब्रिटनमधले पब का बंद पडतात याची उत्तरे आता पाठ झाल्यासारखी दिली जातात. २००७ ची धूम्रपानबंदी (स्कॉटलंडमध्ये ती वर्षभर आधीच आली होती), सुपरमार्केटमधली स्वस्त बिअर, वाढता कर, कमी पिणारी तरुण पिढी. यातले काहीच खोटे नाही. २००० च्या सुमारास तेथे साधारण ६० हजार पब होते, दोन दशकांनी ते ४५ हजारांच्या आसपास उरले. पण ही कारणे सर्वांनाच सारखी लागू आहेत. मग एकाच रस्त्यावरचा एक पब मरतो आणि दुसरा गजबजतो, हे कसे? आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर पिणाऱ्यांपेक्षा मालकीच्या कागदांत अधिक सापडते.

आपल्या भाषेने हे फार पूर्वीच ओळखले असावे. 'गुत्ता' या शब्दाचा मूळ अर्थ दारूचे दुकान असा नाही. तो मक्ता किंवा ठेका असा आहे. मराठवाड्यात कंत्राटदाराला आजही गुत्तेदार म्हणतात. दारूचे दुकान आपण त्यातल्या दारूवरून नव्हे, तर हक्कावरून ओळखू लागलो.

इंग्लंडमध्ये १८३० च्या कायद्याने कोणाही करदात्या गृहस्थाला दोन गिनी भरून घरात बिअर विकता येऊ लागली. हजारो घरांचे पब झाले. १८६९ साली हे परवाने पुन्हा दंडाधिकाऱ्यांच्या हाती गेले. नवा परवाना दुर्मीळ झाल्यावर असलेल्याला मोल आले, आणि शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत बिअरच्या कारखानदारांनी भागभांडवल उभारून पब विकत घेण्याचा सपाटा लावला. चालवणारा राहिला भाडेकरू. त्याने मालकाचीच बिअर घ्यायची, मालक सांगेल त्या भावाने. हा 'बांधील पब' शंभर वर्षे टिकला, कारण कारखानदाराला भाड्यापेक्षा आपली बिअर खपण्यात रस होता. रिकामा पब त्यालाही परवडत नसे.

१९८९ साली सरकारने ही मक्तेदारी मोडायला घेतली. दोन हजारांहून अधिक पब बाळगणाऱ्या कारखानदारांनी वरच्या संख्येपैकी निम्मे बंधनमुक्त करावेत, असा आदेश निघाला. हेतू चांगला होता. पण विकलेले पब भाडेकरूंच्या हाती फारसे गेले नाहीत. बिअर न बनवणाऱ्या, केवळ पब बाळगणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. त्यांतल्या दोन मोठ्यांकडे या शतकाच्या पहिल्या दशकात प्रत्येकी आठ हजारांहून अधिक पब होते, आणि ते डोंगराएवढे कर्ज काढून घेतलेले होते. बंधन मात्र गेले नाही! भाडेकरूला भाडेही द्यायचे आणि बाजारभावाहून महाग बिअरही घ्यायची. अशा मालकाच्या हिशेबात गिऱ्हाइकांनी भरलेला पबही जागेच्या किमतीपुढे हलका ठरू शकतो. शिवाय २०१७ पर्यंत इंग्लंडमध्ये बहुतेक पबांचे दुकान करायला वेगळी नियोजन-परवानगी लागत नसे. रात्री गाणी गाणारी जागा काही महिन्यांत दूध-पावाचे दुकान झालेली दिसे. मोठ्या कंपन्यांच्या बांधील भाडेकरूला बाजारभावाचे भाडे देऊन बिअरच्या बंधनातून सुटण्याचा हक्क २०१६ साली मिळाला. तोवर पुष्कळ पब गेले होते.

कीर्तीने यात फरक पडत नाही. टोल्किन आणि सी. एस. लुईस यांची मंडळी जमत असे तो ऑक्सफर्डचा 'ईगल अँड चाइल्ड' २०२० साली बंद झाला. उलट ऑर्वेलने १९४६ साली 'मून अंडर वॉटर' या आदर्श पबचे वर्णन लिहिले आणि शेवटी असा पब अस्तित्वातच नाही असे सांगितले. १९७९ साली सुरू झालेल्या वेदरस्पून साखळीने ते नाव आपल्या अनेक पबांना देऊन टाकले. जुन्या बँका, चित्रपटगृहे, टपाल कचेऱ्या घेऊन त्यात पब थाटणारी ही साखळी बहुतेक जागांची आता स्वतःच मालक आहे. तिथली बिअर स्वस्त का, याचे एक कारण तेही आहे. ऑर्वेलला तिथे बसवले असते का, याविषयी आम्हाला शंका आहे.

मालकी सर्वस्व आहे असेही नाही. ज्या गावात माणूसच उरला नाही तेथला पब कुणीही घेतला तरी चालायचा नाही. पण कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट गावच्या लोकांनी २००३ साली सहकारी तत्त्वावर आपला 'ओल्ड क्राउन' विकत घेतला, तो चालला. लंडनच्या नन्हेडमधील 'आयव्ही हाउस' २०१२ साली बंद झाला तेव्हा २०११ च्या नव्या कायद्यामुळे रहिवाशांना पैसा उभारायला सहा महिन्यांची मुदत मिळाली. पुढच्या वर्षी तो उघडला, ३७१ भागधारकांच्या मालकीचा.

मेडा व्हेलचा 'कार्लटन टॅव्हर्न' तर मालकाने एप्रिल २०१५ मध्ये परवानगीशिवाय जमीनदोस्त केला. त्याला तेथे सदनिका हव्या होत्या. पबला वारशाचा दर्जा देण्याचा विचार चालू असल्याने इमारतीच्या तपशिलाची नोंद मात्र आधीच झाली होती. पालिकेने होता तसाच, विटेला वीट लावून पुन्हा बांधा, असा आदेश दिला. मालकाने अपील केले, ते फेटाळले गेले. एप्रिल २०२१ मध्ये पब पुन्हा उघडला.