कोतवाल बुकाची कुळकथा

खामगाव असो की वऱ्हाडातला दुसरा कुठला तालुका, जातीच्या दाखल्यासाठी कचेरीच्या चकरा मारणाऱ्या माणसाच्या तोंडी कोतवाल बुकाचं नाव हमखास येतं. पणजोबांच्या जन्माची नोंद त्यात सापडली की अर्धं काम झालं. नक्कल निघते, पडताळणी समितीपुढे जाते आणि बुक परत अभिलेख कक्षात पडतं. त्यातला जातीचा रकाना तेवढा आपण वाचतो. पण ही नोंद जातीसाठी सुरू झालीच नव्हती. ती सुरू झाली जन्म आणि मरण मोजण्यासाठी, आणि आपल्या आरोग्य धोरणाचं मूळ तिथे आहे.

या मोजणीचीही सुरुवात गावात नाही, फौजेच्या छावणीत झाली. १८५७ च्या उठावानंतर नेमलेल्या रॉयल कमिशनने १८६३ मध्ये अहवाल दिला. हिंदुस्थानातल्या गोऱ्या शिपायांत वर्षाला हजारी ६९ माणसं मरत होती, आणि ती लढाईत नव्हे, तर पटकी, ताप, हगवणीने. पटकी बाजारातून छावणीत शिरते, तेव्हा छावणी वाचवायची तर गावातली मरणंही कळायला हवीत, हे सरकारला उमगलं. १८६४ पासून इलाख्यांत सॅनिटरी कमिशन आली आणि हळूहळू नोंदीचं काम गावोगाव पोचलं. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजी कारभारात होताच. १८७० मध्ये जलंब-खामगाव रेल्वे सुरू झाली, कापसाच्या गाठी मुंबईला जाऊ लागल्या. माणसांची ये-जा वाढली, तशी साथींची वाटही सोपी झाली.

गावात कुणी जन्मलं वा मेलं की वर्दी पाटील-कोतवालाकडे. तिथून ती पोलीस ठाण्यात, मग सिव्हिल सर्जनकडे, आणि शेवटी सॅनिटरी कमिशनरच्या वार्षिक अहवालात. कोतवाल म्हणजे गावकामगारांतला सर्वांत खालचा, बहुधा दलित, बहुधा निरक्षर माणूस. त्याने सांगायचं आणि दुसऱ्याने लिहायचं. म्हणून नोंदी त्रोटक असतात: तारीख, गाव, बापाचं नाव, जात, ‘मुलगा झाला’ किंवा ‘मुलगी झाली’. बाळाचं नाव बहुधा नसतंच, कारण बारशाआधीच वर्दी गेलेली असते.

मरणाच्या कारणांची यादी ठरलेली होती: पटकी, देवी, ताप, हगवण, श्वसनाचे विकार, इजा, इतर. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि मग प्लेगचीही भर पडली. ही कारणं वैद्याने तपासून ठरवलेली नव्हती. अंग तापून माणूस गेला की ‘ताप’, एवढंच.

याची खरी किंमत १९१८ मध्ये कळली. त्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात इन्फ्लुएंझाच्या साथीने मध्य प्रांत-वऱ्हाडात हाहाकार उडवला. देशात सर्वाधिक फटका बसलेल्या प्रदेशांत हा प्रांत होता. पण इन्फ्लुएंझाला रकानाच नव्हता! ती मरणं बव्हंशी ‘ताप’ म्हणून लिहिली गेली. तापाचा आकडा एकाएकी फुगला, त्यावरून साथीचा अंदाज बांधावा लागला. देवीला पहिल्यापासून स्वतःचा रकाना होता. तिच्यामागे लस घेऊन धावता आलं आणि १९७५ मध्ये देशातला तिचा शेवटचा रुग्ण नोंदला गेला. बाळंतपणात गेलेली बाई मात्र त्या मूळ यादीत वेगळी दिसतच नव्हती.

तरी या अपुऱ्या नोंदींवरच मोठं धोरण उभं राहिलं. नाशिकला जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ मध्ये समिती नेमली गेली, १९४६ मध्ये तिचा अहवाल आला. १९३७ चे आकडे तिने पुढे ठेवले: मृत्यू हजारी २२.४, आणि जन्मलेल्या हजार बाळांतली १६२ वर्षाच्या आत गेलेली. नोंदणी सदोष आहे, हेही तिने बजावलं. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराविना राहू नये, असं सांगणाऱ्या या अहवालातूनच प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना आली. १९५२ पासून सामूहिक विकास योजनेतून ती केंद्रं उभी राहू लागली.

१९६९ च्या कायद्याने जन्म-मृत्यू नोंदणी सक्तीची झाली. गावात हे काम ग्रामसेवकाकडे आलं. २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियानातून आशाताई आल्या, वर्दी देण्याचं कोतवालाचं जुनं काम आता त्याही करतात. पण कायदा आला तरी सरकारी वहीत न आलेली मरणं संपली नव्हती. आशाताई येण्याआधीच गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेचे डॉ. अभय बंग आणि सहकारी संस्थांनी ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला, तेव्हा महाराष्ट्रात किती बालमृत्यू नोंदीबाहेर राहतात ते उघड झालं. शासनाला डॉ. बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली.

जे लिहिलं जात नाही, त्यासाठी ना औषध येतं, ना डॉक्टर, ना पैसा. कोतवाल बुकांचं जतन करताना जातीच्या रकान्याइतकाच मरणाच्या कारणाचा रकानाही नीट जपला पाहिजे. जिल्ह्याच्या आरोग्याचा इतका जुना आणि गावनिहाय दस्तऐवज दुसरा नाही. आणि आपल्या घरी मृत्यू झाला, मग तो दोन दिवसांच्या बाळाचा का असेना, तर २१ दिवसांच्या आत त्याची नोंद करा आणि कारण खरं सांगा.